बाबांची अ‍ॅस्टिल्बी

माझे बाबा झाडांशी फार हळू बोलायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की या माणसाला मऊ बोलताच येत नव्हतं. येत होतं. मागच्या बाजूला उकिडवे बसून एखाद्या नेच्याच्या मुळाशी माती चेपताना ते पुटपुटायचे, "बस बाळा, बस तिथे." बाळा हा शब्द त्यांच्या तोंडून मी दुसऱ्या कुणासाठी ऐकलेला नाही.

बदलापूरला कात्रपमध्ये आमचं घर तळमजल्यावर होतं. इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी होती. तिथे बाबांनी आधी गुलाब लावले होते. मग शेजारच्या प्लॉटवर मोठा टॉवर उभा राहिला आणि आमच्या पट्टीवरचं ऊन गेलं ते गेलंच. दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता. बाबांनी सगळे गुलाब उपटले आणि सावलीत जगणारी झाडं आणायला सुरुवात केली. नेचे, बेगोनिया, रंगीत पानांचं कॅलेडियम. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. तिथून घरी आले की चपला काढायच्या आधी मागे जाऊन झाडं बघायचे, मग आईला हाक मारायचे, आणि त्या हाकेच्या आवाजावरून आम्हाला कळायचं की संध्याकाळ कशी जाणार आहे.

मी पाचवीत असताना चेंडू लागून माझ्याकडून एका नेच्याचं पान मोडलं. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी मला जवळ बोलावलं, पाठमोरं उभं केलं आणि झाडांच्या कात्रीने माझी एक वेणी मुळापासून कापली. "आता कळेल त्याला कसं वाटलं ते," म्हणाले आणि वेणी माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी आईने मला मोरीत बसवलं आणि दुसरी वेणीही कापली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. "उवा झाल्या होत्या म्हणून सांग," ती म्हणाली. मी तसंच सांगितलं. मग वर्गात वर्षभर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

आईला ते मारायचे नाहीत. निदान मी मोठी झाल्यावर तरी मारलेलं मी पाहिलं नाही. चहा गार वाटला की कप उलटा करून फरशीवर ओतायचे आणि ती पुसेपर्यंत तिथेच उभे राहायचे. तिच्या माहेरचं कुणी आलं की तिला सगळ्यांसमोर विचारायचे, "सांग बरं, सात आठे किती?" ती चौथीपर्यंत शिकलेली. ती हसायची आणि आत जायची. मी नोकरीला लागल्यावर पहिली संधी मिळताच उल्हासनगरला खोली घेतली. जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात मी कटिंगचं काम बघते. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर मी दुसरंच काहीतरी कारण सांगते.

बाबा निवृत्त झाले आणि दिवसभर घरात राहायला लागले. त्याच सुमारास आईला साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ ती स्वतःच पोटाला सुई टोचायची. बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी असायची. सुईचं तिला काही वाटत नसे, पण बाबा ते बघून म्हणायचे, "झालं का तुझं भरतकाम?"

मग एका डिसेंबरमध्ये बाबांचा पुतण्या हॉलंडहून आला. तो तिकडे बरीच वर्षं राहतो. काकांना झाडांचं वेड आहे हे माहीत असल्यामुळे त्याने एक पिशवी आणली होती. आत भुशासारख्या कोरड्या मातीत गुंडाळलेले तपकिरी गड्डे होते आणि बाहेर चित्र होतं. बारीक, नेच्यासारखी पानं आणि त्यांच्यातून वर आलेले गुलाबी तुरे, पिसांसारखे. अ‍ॅस्टिल्बी. बाबांनी ते नाव दोन-तीनदा म्हणून बघितलं.

"सावलीतच होतं हे, काका," पुतण्या म्हणाला. "पण खरं सांगायचं तर तुमच्याकडे नाही यायचं. याला थंडी लागते, आणि मुळाशी सारखी ओल लागते. मी आपलं तुम्हाला बघायला म्हणून आणलं."

तो बोलला नसता तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. बाबांना कुणी सांगितलं की हे तुम्हाला जमणार नाही, तर त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत आहे. मी त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी पिशवी उचलली, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजच्या तळाच्या ट्रेमधली भाजी काढून ओट्यावर ठेवली.

"ही कुठे ठेवू मी?" आईने विचारलं.

"खा," बाबा म्हणाले.

लावणीपर्यंत गड्डे फ्रिजमध्येच राहिले. जानेवारीत बदलापूरला जी काय थोडी थंडी पडते तेव्हा बाबांनी मागच्या पट्टीतला सगळ्यात गार कोपरा निवडला, माती चाळली, शेणखत मिसळलं आणि गड्डे लावले. पंधरा-वीस दिवसांत लालसर कोंब वर आले. मग पानं उलगडली. खरंच सुंदर होती, कातरकाम केल्यासारखी. मी रविवारी गेले की बाबा मला हाताला धरून मागे न्यायचे. लहानपणापासून त्यांनी मला असं हाताला धरलं नव्हतं. "बघ," म्हणायचे. "तो हॉलंडवाला म्हणतो येणार नाही."

मार्च लागला तशी पानांच्या कडा करपायला लागल्या. बाबा मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचे आणि मग आईला कामं सांगायचे. बोअरचं पाणी त्याला चालणार नाही, नळाचंच हवं. नळाचं पाणी एका दिवसाआड यायचं, म्हणून पिण्याच्या पाण्याचे हंडे त्यासाठी राखून ठेवायचे. गरम वारा लागू नये म्हणून आडोसा हवा होता. त्यासाठी त्यांनी आईचं एक सुती पातळ फाडलं. ते तिला तिच्या आईने दिलं होतं आणि ती ते नेसत नसे, नुसतं घडी करून ठेवत असे. ती बाजारातून आली तेव्हा ते दोन बांबूंच्या मध्ये ताणून बांधलेलं होतं. तिने ते पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसून भाजी निवडायला घेतली. हे मला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने सांगितलं. त्यांच्या खिडकीतून आमची पट्टी दिसायची.

आणि बर्फ. दुपारी मुळाशी बर्फाचे खडे ठेवले की माती गार राहते असं बाबांच्या डोक्यात बसलं होतं. फ्रिज जुना, एका दाराचा. त्यांनी त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दारातल्या सगळ्या जागेत झाडासाठी पाण्याच्या बाटल्या लावल्या. आईचं इन्सुलिन त्यांनी तिथून काढलं आणि वर, बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये ठेवून दिलं.

ते गोठलं. सकाळी आईने बाटली हातात घेतली तेव्हा आत बर्फ दिसत होता. तिने बाबांना दाखवलं.

"हे गोठलंय. दुसरं आणायला हवं."

"औषध आहे ते, दूध नाही नासायला," बाबा म्हणाले. "वितळलं की घे. आणि परत मला फ्रिजचं सांगू नकोस."

तिने ते वितळू दिलं आणि घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा उपयोग राहत नाही. म्हणजे ती रोज दोनदा पोटात सुई टोचत होती आणि आत जवळजवळ काहीच जात नव्हतं. तिला तहान लागायला लागली. ती सारखी पाणी प्यायची, आणि बाबा म्हणायचे, "सगळं पाणी तूच पी. झाड मरू दे." फोनवर मला म्हणायची, उन्हाळा आहे, जरा थकवा येतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी शेजारणीचा फोन आला. आई मागच्या पट्टीत पडली होती. झाडाला पाणी घालायला गेली आणि भिंतीला टेकत टेकत खाली बसली, मग आडवी झाली. शेजारीण वरून ओरडली तेव्हा बाबा बाहेर आले. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या हातातून तांब्या काढून घेतला, त्यात उरलेलं पाणी अ‍ॅस्टिल्बीच्या मुळाशी घातलं आणि वर बघून म्हणाले, "नाटक आहे. उठेल." शेजारणीनेच खाली येऊन तिला उठवायचा प्रयत्न केला, तिनेच रिक्षा आणली. मी उल्हासनगरहून पोचेपर्यंत आईला दवाखान्यात सलाइन लागलं होतं. तिचे ओठ पांढरे, सुकलेले होते आणि ती मला ओळखत नव्हती.

दोन दिवसांनी ती बोलायला लागली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने एकेक विचारत सगळं काढून घेतलं. इन्सुलिन कुठे ठेवता, रंग कसा होता, आत खडे दिसत होते का. आई खालच्या आवाजात सांगत होती, जणू तिचीच चूक असावी. बाबा नेमके त्या वेळी आले. आई दवाखान्यात असताना ते त्या एकाच दिवशी आले.

"काका, गोठलेलं इन्सुलिन घेतलं त्यांनी," डॉक्टर म्हणाली. "अजून एखादा दिवस गेला असता तर या वाचल्या नसत्या."

"मग कंपनीने तसं लिहायला नको का?"

"लिहिलेलं असतं. खोक्यावरच असतं."

 मला वाटलं, आता बाबांना काहीतरी टोचलं असेल. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि स्क्रीन डॉक्टरसमोर धरली. तुरा आला होता. एकच, बोटभर लांब, फिकट गुलाबी. "हे बघा," ते म्हणाले. "बदलापूरसारख्या ठिकाणी. एप्रिलमध्ये." डॉक्टरने फोटो पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली. मग त्यांनी तो फोटो सलाइन बदलणाऱ्या नर्सला दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला.

"आलं का," आई म्हणाली.

"आलं. तुझ्यावर सोडलं असतं तर आलं असतं का?" मग ते खुर्चीवरून उठले. "उद्या पाण्याचा दिवस आहे. हंडे कोण भरणार आहे घरी?"

आईने डोळे मिटले. मी त्यांना दाराबाहेर नेलं आणि म्हटलं, तुम्ही परत येऊ नका. ते म्हणाले, "मला तरी कुठे वेळ आहे."

आईला दवाखान्यातून सोडलं तेव्हा मी रिक्षावाल्याला स्टेशनकडे न्यायला सांगितलं. कात्रपकडे वळायच्या नाक्यावर आईने त्या रस्त्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. "माझी कपड्यांची पिशवी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नवीन घेऊ.  उल्हासनगरला माझी घरमालकीण सिंधी आहे, वयस्कर, खाली राहते. तिने आईला जिना चढताना पाहिलं आणि म्हणाली, "अम्मा को मेरे पास नीचे सुला. ऊपर-नीचे मत करा उसको." तेव्हापासून आई बहुतेक खालीच असायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची. पहिले काही दिवस आई तिच्याकडे पाणी प्यायच्या आधीसुद्धा विचारायची, "पिऊ का?" घरमालकीण माझ्याकडे बघायची. मी नजर दुसरीकडे वळवायचे.

जूनच्या आधी बाबा आले. ते आमच्याकडे कधीच आले नव्हते, पत्ता विचारत विचारत आले असणार. आई स्टोव्हजवळ होती. ते दारातच उभे राहिले.

"चल," ते म्हणाले.

"बसा. चहा टाकते."

"चहा प्यायला नाही आलो. घराचं काय झालंय ते बघ येऊन. झाड गेलं. पार काळं पडून गेलं. दुपारचं पाणी एक दिवस चुकलं फक्त. मी एकट्याने काय काय बघायचं?"

"मी दवाखान्यात होते," आई म्हणाली.

"होतीस ना? मग तिथून सरळ घरी यायचं होतं. इथे भाड्याच्या खोलीत येऊन बसलीस. उद्या इथे मेलीस तर मला चारचौघांत मान खाली घालून तुला इथून उचलायला यावं लागेल."

आईने दूध घातलं, चहा गाळला आणि कप त्यांच्या समोर स्टुलावर ठेवला.

"तेव्हा तुम्ही येऊ नका," ती म्हणाली.

बाबांना आधी कळलंच नाही. "कधी?"

"मी मेले की. हिला सांगून ठेवते, तुम्हाला कळवायचं नाही म्हणून."

तिने आवाज चढवला नव्हता. चहात साखर घातली आहे, हे सांगावं तसं ती बोलली.  बाबा माझ्याकडे वळले. "हे तू शिकवलंस तिला." मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. मलाही ते तिथेच पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी कप उचलला, उभ्यानेच सगळा चहा प्यायले, "पाणचट आहे," म्हणाले आणि जिना उतरून गेले. खाली घरमालकिणीने विचारलं, "कौन था?" आईने वरून उत्तर दिलं, "बदलापूर का आदमी."

बाबा त्यानंतर एकटेच राहिले. पुतण्याला फोन करून त्यांनी पुन्हा गड्डे मागवायचा प्रयत्न केला, त्याने टाळलं. पावसाळ्यात मागच्या पट्टीत शेवाळ माजलं आणि एका सकाळी ते तिथे घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वरची शेजारीण गावी गेली होती. ते ओरडत होते, पण टॉवरपलीकडे नवं बांधकाम निघालं होतं, त्याच्या काँक्रीट मिक्सरचा आवाज चालू होता. शेवटी दुपारी वॉचमनने ऐकलं. ऑपरेशन मी करवून घेतलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "तिला आणलंस का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. भाताची वाटी मात्र माझ्याच हातातून खायचे.

ते पडले त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं.

"किती वेळ पडून होते?"

"सकाळपासून. दुपार झाली होती."

"हाका मारत होते?"

"हो."

"कुणाला?"

"तुलाच. वॉचमन म्हणाला, तुझं नाव घेऊन ओरडत होते."

आईने तव्यावरची पोळी उलटली आणि कापडाने कडा दाबल्या. पोळी टम्म फुगली. ती माझ्या ताटात वाढली, वर तूप सोडलं. "खा गरम आहे तोवर," ती म्हणाली. मी तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होते. तिथे राग नव्हता, आणि मला जे बघायची भीती वाटत होती ते समाधानही नव्हतं. ती थोडी भुकेली दिसत होती. मग ती स्वतःही बसली आणि नीट जेवली.

आता बाबा वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. दिवसभरासाठी एक माणूस ठेवला आहे. आधीचे दोघे त्यांच्या बोलण्याला कंटाळून सोडून गेले. हा तिसरा थोडा बहिरा आहे, म्हणून टिकला आहे. सोसायटीने मागच्या पट्टीत फरशा बसवल्या आणि तिथे स्कूटर लावायला सुरुवात केली. फरशा बसत होत्या तेव्हा बाबा खिडकीतून शिव्या देत होते, कामगारांनी ढुंकून पाहिलं नाही. मी पंधरा दिवसांतून एकदा जाते, औषधं भरून ठेवते, त्यांची नखं कापते. ते सांगतात की मी नखं वाकडी कापते. कापते खरी.

आई काल घरमालकिणीबरोबर कपड्यांच्या बाजारात गेली होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा गाऊन घेतला, निळा, मोठ्या फुलांचा. तिला तो लांब होतो. आज ती शिलाई मशीनवर बसून त्याची खालची पट्टी दुमडते आहे आणि मला म्हणते आहे की दिवा जरा इकडे कर, टाका दिसत नाही.